पडद्यावरील पाणी : अनुकृतीच्या इतिहासाचा एक विचार

चित्रकलेत व चलच्चित्रकलेत ज्या वस्तूंची अनुकृती अत्यंत दुर्घट मानली गेली, त्यांत पाण्याचे स्थान वरचे आहे. पाण्यास स्वतःचा आकार नाही व स्थिर असा रंगही नाही. ते ज्यात असेल त्याचा आकार आणि भोवती जे असेल त्याचा रंग ते धारण करते. शिवाय पाणी प्रत्येकाच्या रोजच्या परिचयाचे असल्यामुळे खोटे पाणी ओळखण्यास प्रेक्षकाला कोणत्याही शास्त्राची गरज भासत नाही. दूरदर्शनवरील अर्ध्या मिनिटाच्या जाहिरातीत संगणकाने घडविलेले पाणी आज खरे वाटते. या प्रत्ययामागे सुमारे दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाचे टप्पे कोणते, आणि जतसारख्या अवर्षणप्रवण प्रदेशाच्या संदर्भात त्याचा अर्थ काय, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

महाराष्ट्रातील चित्रपटसृष्टीचा आरंभच मुळी अनुकृतीच्या प्रश्नांनी झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये रोपाच्या वाढीचे क्रमशः चित्रण करून काळ आकुंचित करता येतो हे दाखविले. पुढे ‘कालियामर्दन’ (१९१९) या चित्रपटात यमुनेच्या डोहातील प्रसंग त्यांनी पडद्यावर आणला. त्यात बालकृष्णाची भूमिका त्यांची कन्या मंदाकिनी हिने केली होती. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेल्या प्रभातच्या ‘संत तुकाराम’ (१९३६) या चित्रपटात इंद्रायणीत बुडविलेल्या वह्या परत मिळण्याचा प्रसंग तर कथेचा प्राणच होय. या काळात पाणी खरे असे आणि चमत्कार तेवढा कॅमेऱ्याचा असे. पाणी ‘घडविण्या’चा प्रश्न अद्याप उद्भवला नव्हता.

तो उद्भवला लहान प्रतिकृतींच्या चित्रणात. खऱ्या जहाजाऐवजी त्याची सोळाव्या हिश्शाची प्रतिकृती हौदात सोडली, तर लाटा चौपट वेगाने उसळताना व पडताना दिसतात. याचे कारण असे की, पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणून दर सेकंदास २४ ऐवजी ९६ चौकटी टिपून चित्र संथ करावे लागे. गतीचा दोष याने दूर होई, पण थेंबाचा दोष राही. थेंबाचे आकारमान पृष्ठताणावर अवलंबून असते आणि जहाज लहान केले म्हणून पृष्ठताण कमी होत नाही. परिणामी प्रचंड वादळातील तुषार जहाजाच्या मानाने लिंबाएवढे दिसत आणि प्रेक्षकाचा विश्वास ढळे. पाणी लहान करता येत नाही, हा या प्रयोगांचा निष्कर्ष होय.

दुसरा प्रवाह गणिताचा. गेर्स्टनर याने १८०२ मध्ये लाटेच्या आकाराचे एक सूत्र मांडले. नाव्हिए (१८२२) व स्टोक्स (१८४५) यांनी श्यान द्रवाच्या गतीची समीकरणे सिद्ध केली. ही समीकरणे लिहिणे शक्य होते, पण सर्वसामान्य परिस्थितीत ती हाताने सोडविणे शक्य नव्हते. १९६५ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामॉस येथे हार्लो व वेल्च यांनी अवकाशाची जाळी कल्पून तीत द्रवदर्शक कण सोडण्याची पद्धत योजली. जाळीच्या घरांत वेग व दाब मोजावयाचा, आणि पाण्याचा पृष्ठभाग कोठे आहे हे कणांवरून जाणावयाचे, अशी ही योजना होती. चित्रपटाशी तिचा काहीही संबंध नव्हता.

संगणकचित्रकारांनी प्रथम ही वाट टाळली, कारण त्यांच्या यंत्रांना हा भार पेलणारा नव्हता. जाळी दुप्पट सूक्ष्म केली की घरांची संख्या आठपट होते व काळाचे टप्पेही दुप्पट करावे लागतात. म्हणजे एकूण श्रम सोळापट वाढतात. म्हणून रीव्हज याने १९८३ मध्ये केवळ कणांच्या समूहांचे तंत्र मांडले. १९८६ मध्ये फूर्निए व रीव्हज यांनी, तसेच स्वतंत्रपणे पीची याने, गेर्स्टनरच्या परंपरेतील सूत्रांनी किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटा रेखाटल्या. ‘द अ‍ॅबिस’ (१९८९) या चित्रपटातील पाण्याची सजीव सोंड सुमारे ७५ सेकंदच पडद्यावर होती, पण तिच्यात द्रवाची समीकरणे सोडविलेली नव्हती. ते पृष्ठभागाचे कुशल शिल्प होते. फॉस्टर व मेटॅक्सास यांनी १९९६ मध्ये हार्लो-वेल्च पद्धतीचा चित्रणासाठी उपयोग केला आणि स्टॅम याने १९९९ मध्ये काळाचे मोठे टप्पे घेऊनही गणित कोसळणार नाही अशी रीत दिली. तेव्हापासून पाणी रेखाटण्याऐवजी ‘वाहू देणे’ व्यवहार्य झाले.

येथे भाषेच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. मराठीत लाट, तरंग व लहर हे शब्द पृष्ठभागाची हालचाल दाखवितात. धार, झोत व ओघळ हे अखंड वाहणाऱ्या द्रवाचे वाचक आहेत. तुषार, शिंतोडे व चिळकांडी हे विखुरलेल्या पाण्याचे. तर फेस हा पाणी व हवा यांच्या मिश्रणाचा. संगणकाचे तंत्रही नेमके असेच विभागलेले आढळते. लाटांसाठी पृष्ठभागाची सूत्रे, धारेसाठी जाळी, तुषारांसाठी कण आणि फेसासाठी आणखी वेगळी योजना. अर्थात शब्दांवरून तंत्र निघाले असे नव्हे. परंतु ज्या भेदांना बोलणाऱ्यांनी नावे दिली, तेच भेद डोळ्यालाही जाणवतात, आणि त्यांतील एक जरी चुकला तरी पाणी खोटे ठरते.

जाहिरातीने या तंत्रापुढे निराळीच मागणी ठेवली. दूरदर्शनवर जाहिरातींचा प्रारंभ १ जानेवारी १९७६ रोजी झाला व रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये आले. लिरिल साबणाच्या गाजलेल्या जाहिरातीतील धबधबा कोडाईकनालजवळचा, म्हणजे खराखुरा होता. तीस सेकंदांच्या जाहिरातीत, सेकंदास २५ या प्रमाणाने, अवघ्या ७५० चौकटी असतात. प्रत्येक चौकटीत पेल्यातील उसळी हव्या त्या बाजूस वळावी व शेंड्यावरचा थेंब हव्या त्या क्षणी सुटावा, अशी जाहिरातदाराची अपेक्षा असते. खरे पाणी असे ऐकत नाही. संगणकातील पाणी ऐकते, पण फार ऐकू लागले की ते पाणी राहत नाही, गोंद वाटू लागते. निसर्गनियमांचे पालन आणि दिग्दर्शकाच्या आज्ञेचे पालन यांतील हा विरोध २००३–०४ च्या सुमारास संशोधनाचा स्वतंत्र विषय झाला. इष्ट आकार साधण्यासाठी कमीत कमी किती बाह्य बल लावावे, असे त्याचे गणिती रूप आहे. प्रकाशाचे बंधनही आहेच. सरळ वरून पाहिल्यास पाणी सुमारे दोन टक्केच प्रकाश परावर्तित करते, तर अगदी तिरप्या दृष्टीस ते जवळजवळ आरसा होते. हा फरक राखला नाही तर उत्तम गतीही व्यर्थ जाते.

आता जतकडे वळू. डफळे घराण्याचे हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले व पुढे दक्षिण सातारा, म्हणजे आजच्या सांगली, जिल्ह्याचा भाग बनले. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील या तालुक्याच्या पूर्वभागात मराठीबरोबर कन्नडही बोलली जाते. एकच तळे एका घरात तलाव, तर शेजारच्या घरात केरे असते. दोन्ही भाषांत पाण्याची वाट पाहणे मात्र सारखेच. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी या तालुक्यातील चाळीस गावांच्या जुन्या ठरावाचा हवाला देऊन त्यांच्यावर हक्क सांगितला. त्या वादाच्या मुळाशी भाषेपेक्षा पाण्याचे दुर्भिक्ष्य अधिक होते.

म्हैसाळ योजनेत कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून मिरज, कवठेमहांकाळ व जत या तालुक्यांकडे चढवावे लागते. संगणकात गुरुत्वाकर्षणाचे चिन्ह बदलले की पाणी चढू लागते. म्हैसाळला त्यासाठी पंप, वीज आणि विजेचे बिल लागते. या दोन पाण्यांतील भेद प्रेक्षकाला ठाऊक असतोच. तथापि पडद्यावरील पाण्याला टंचाई ठाऊक नाही, आणि त्याची विपुलता हीच जाहिरातीची भाषा आहे. ज्या प्रदेशात घागर भरण्याचा हिशेब होतो, तेथे सांडणारे पाणी सौंदर्याचे चिन्ह म्हणून रोज दाखविले जाते. त्याचा तेथील बोलींवर व कल्पनांवर काय परिणाम होतो, हा प्रश्न विचारात घेण्याजोगा आहे.

सारांश, पाण्याच्या अनुकृतीचा इतिहास हा हौदापासून समीकरणापर्यंतचा केवळ यांत्रिक प्रगतीचा इतिहास नव्हे. प्रत्येक टप्प्यावर अंतिम परीक्षक पाहणाराच राहिला, आणि त्याचा डोळा त्याच्या गावच्या पाण्याने घडविलेला असतो. म्हणून तंत्राच्या नोंदींबरोबरच जतसारख्या भागांतील पाणीविषयक शब्दसंपत्ती, मराठी व कन्नड दोन्ही, पद्धतशीरपणे संकलित होणे अगत्याचे आहे. ओढे कोरडे पडले की त्यांचे शब्दही वापरातून जातात, आणि ते शब्द संगणकाला पुन्हा घडविता येणार नाहीत.