मद्यचाचणीचा अहवाल किती भरवशाचा?

मद्यपान करून वाहन चालविल्याचा आरोप बहुतेक वेळा एका आकड्यावर उभा असतो. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ नुसार शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत हीच मर्यादा ८० मिलिग्रॅम आहे. मर्यादा जितकी खाली, तितकी मोजमापातील किरकोळ चूकही निर्णायक ठरते, हे आपल्याकडे फारसे लक्षात घेतले जात नाही.

रस्त्यावर पोलीस वापरतात ते श्वासविश्लेषक यंत्र रक्त तपासत नाही. श्वासातील मद्यार्क मोजून ते रक्तातील प्रमाणाचा अंदाज बांधते. त्यासाठी रक्त व श्वास यांचे २१०० : १ असे गुणोत्तर सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात ते व्यक्तिगणिक आणि शरीराच्या तापमानानुसार बदलते. नुकताच घेतलेला घोट किंवा ढेकर यामुळे तोंडात राहिलेला मद्यार्कही आकडा फुगवितो. म्हणूनच फुंकर मारण्यापूर्वी पंधरा मिनिटे थांबावे, असा शास्त्रीय दंडक आहे. नाकाबंदीच्या गर्दीत तो पाळणे किती अवघड आहे, हे शनिवारी रात्री रस्त्यावर असणाऱ्यांना सांगायला नको.

रक्ताची तपासणी अधिक खात्रीची. पण नमुना नीट घेतला आणि जपला तरच. सुई टोचण्यापूर्वी त्वचा स्पिरिटने पुसता कामा नये. बाटलीत सोडियम फ्लोराइड असावे लागते; अन्यथा सूक्ष्मजीवांमुळे साठवलेल्या रक्तात मद्यार्क तयार होऊ शकतो किंवा असलेला नाहीसा होऊ शकतो. शिवाय शरीर दर तासाला साधारण १० ते २० मिलिग्रॅम मद्यार्क पचविते. अपघाताच्या वेळी ५० मिलिग्रॅम असलेला चालक रुग्णालयाच्या रांगेत दोन तास बसला, तर तो कायद्याच्या मर्यादेत येऊ शकतो. मागे जाऊन मूळ प्रमाण काढण्याची गणिते आहेत, परंतु चालकाने शेवटचा घोट केव्हा घेतला हे ठाऊक नसेल तर ती अंदाजापलीकडे जात नाहीत.

या साखळीतील एक दुवा निसटला की काय होते, हे अभिनेता सलमान खान याच्या खटल्यात दिसले. सप्टेंबर २००२ मधील वांद्रे येथील अपघातानंतर काही तासांनी त्याचे रक्त जे. जे. रुग्णालयात घेण्यात आले. कलिना येथील प्रयोगशाळेच्या अहवालात ६२ मिलिग्रॅम मद्यार्क नोंदले गेले. मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. पण १० डिसेंबर २०१५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. अन्य त्रुटींबरोबरच रक्ताच्या नमुन्याच्या हाताळणीवरही न्यायालयाने बोट ठेवले. सहा मिलिलिटर रक्त घेतल्याचे सांगितले गेले, प्रयोगशाळेत मात्र चारच मिलिलिटर पोहोचले होते. तपासणीचे रसायनशास्त्र राहिले बाजूला, वाद बाटलीच्या प्रवासाचा झाला.

यंत्रांचे दोष अमेरिकेत अधिक ठळकपणे बाहेर आले. न्यू जर्सीत एका पोलीस सार्जंटने श्वासयंत्रांचे अंशांकन करताना तापमान पडताळण्याची आवश्यक पायरी गाळल्याचा आरोप झाला. २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्या यंत्रांचे निकाल अग्राह्य ठरविले. पाच परगण्यांतील २०,६६७ चाचण्यांवर त्याचा परिणाम झाला. मॅसॅच्युसेट्सचे प्रकरण याहून गंभीर होते. तेथील मद्यचाचणी कार्यालयाने अंशांकन फसल्याच्या नोंदी बचाव पक्षापासून दडवून ठेवल्या. एप्रिल २०२३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०११ ते एप्रिल २०१९ या काळातील निकाल बाद केले. सुमारे २७ हजार जणांना त्याचा लाभ मिळू शकत होता, आणि त्यांत खरोखर दोषी असलेलेही होतेच. कार्यालयाला मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे निकष पाळणे बंधनकारक झाले, ही त्यातील खरी सुधारणा.

न्यायवैद्यक प्रयोगशाळा पोलिसांच्या अखत्यारीबाहेर असाव्यात, अशी शिफारस अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००९ मध्ये केली होती. महाराष्ट्रात या प्रयोगशाळांचे संचालनालय गृहखात्याच्याच अधीन आहे. त्यात भर अशी की, सरकारी तज्ज्ञाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही पुरावा म्हणून वापरता येतो. फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २९३ ची ही तरतूद जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम ३२९ म्हणून कायम राहिली. न्यायालय तज्ज्ञाला बोलावू शकते. तसे न झाल्यास यंत्राचे अंशांकन केव्हा झाले, बाटली कोणाच्या ताब्यात होती, हे प्रश्न विचारलेच जात नाहीत.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगर येथे एका अल्पवयीन चालकाच्या आलिशान मोटारीने दोघांचा बळी घेतला. ससून रुग्णालयात घेतलेला त्याचा नमुना टाकून देऊन तेथे दुसऱ्याचे रक्त ठेवल्याचा आरोप पोलिसांनी केला आणि दोन डॉक्टरांना अटक झाली. हे उघड झाले ते औंधच्या रुग्णालयात घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यामुळे. दोन्हींची डीएनए तपासणी झाली, तेव्हा ससूनचा नमुना त्या मुलाचा नसल्याचे दिसले, असे पोलिसांचे म्हणणे आहे. असा दुसरा नमुना घेण्याचे बंधन मोटार वाहन कायद्याच्या कलम २०४ मध्ये नाही. ब्रिटनमध्ये मात्र १९८८ च्याच एका कायद्याने रक्ताचे दोन भाग करून, आरोपीने मागितल्यास, एक भाग त्याच्या हाती देण्याची सोय केलेली आहे.