रिसाला बाजार ते पेन्शनपुरा

आमच्या शिरड शहापूरला बाहेरगावचा पाहुणा आला, की त्याला काय दाखवायचं हे ठरलेलं असतं. गावातलं भगवान मल्लिनाथांचं मंदिर, मग औंढ्याचा नागनाथ, आणि सवड असली तर संत नामदेवांचं नर्सी. या वाटेवर हिंगोली लागते. पण हिंगोलीत चहा प्यायचा, गाडी बदलायची आणि पुढं निघायचं, अशीच सर्वांची रीत. शाळेत इतिहास शिकवण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर मी पाहुण्यांना हिंगोलीत मुद्दाम उतरवतो आणि तास-दोन तास पायी फिरवतो. पाहुणे आधी कुरकुरतात. इथं ना किल्ला, ना वाडा, ना लेणं, मग बघायचं काय? मी म्हणतो, इथं पाट्या वाचायच्या.

उंच पठारावरचं, परक्या राज्यकर्त्यांनी वसवलेलं जुनं शहर म्हटलं की जगातले प्रवासी दक्षिण अमेरिकेत जातात. बोलिव्हियातलं पोतोसी हे त्यांतलं गाजलेलं. चार हजार मीटरवर, झाड उगवत नाही अशा उंचीवर. १५४५ साली तिथल्या डोंगरात चांदी सापडली आणि स्पॅनिश लोकांनी पायथ्याशी शहर उभं केलं. मध्ये चौक, चौकाला लागून चर्च, जवळच टांकसाळ. खाणीत उतरायला मात्र आजूबाजूच्या गावांतून वेठीची माणसं. त्या चांदीचे रियाल समुद्रमार्गे पार सुरतेपर्यंत येत आणि वितळून त्यांचे मोगली रुपये पडत. म्हणजे आपल्या पूर्वजांच्या कनवटीला पोतोसीची चांदी असणं अशक्य नव्हतं. आमची हिंगोली जेमतेम साडेचारशे-पाचशे मीटर उंचीची. तिची नि पोतोसीची बरोबरी मला करायची नाही. पण पोतोसीत चांदी जमिनीतून निघायची, म्हणून शहर वसलं. हिंगोलीची छावणी वसली, तेव्हा तिला लागणारी चांदी कुठून आणायची, हाच प्रश्न होता. त्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता निजामाच्या हातचा वऱ्हाड गेला.

आता पाट्या. हिंगोलीत एका वस्तीचं नाव रिसाला बाजार. दुसरीचं पलटन. तिसरीचं तोफखाना. आणि चौथीचं पेन्शनपुरा. एकदा माझ्याबरोबर नववीची मुलं होती. एकानं विचारलं, "सर, रिसाला म्हणजे मासिक ना? उर्दूच्या सरांनी सांगितलं होतं." त्याचंही खरं होतं. पण इथला रिसाला घोडेस्वारांचा. पलटन पायदळाची, तोफखाना तोफांचा आणि नोकरी संपली की शिपाई राहायचा तो पेन्शनपुरा. एका फौजेचं सगळं आयुष्य या चार नावांत आलं. ती फौज म्हणजे हैदराबाद कंटिंजंट. मालक म्हणायला निजाम, अंमल मात्र इंग्रज अधिकाऱ्यांचा. हिंगोली, औरंगाबाद, अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचं मोमिनाबाद, अचलपूर, बोलारम अशी तिची ठाणी होती.

ही फौज आली कशी? १८०० च्या तहात निजामानं कबूल केलं होतं, की युद्ध झालंच तर कंपनीच्या मदतीला आपण सैन्य देऊ. पुढं १८११ ते १८२० या काळात हेन्री रसेल हा हैदराबादचा रेसिडेंट होता. त्यानं निजामाच्या पैशातून इंग्रजी शिस्तीची कायमची पथकं उभी केली. "रसेल ब्रिगेड" हे त्यांतल्या एकाचं नावच. हडगावकडच्या भागात हटकरांचे पुढारी नौसाजी नाईक यांनी बंड केलं, तेव्हा मेजर पिटमनच्या हाताखाली याच फौजेनं नोव्ह्याच्या गढीला वेढा घातला आणि जानेवारी १८१९ च्या अखेरीस ती घेतली. आतले बहुतेक अरब शिपाई मारले गेले. पुढं या पलटणींच्या मानचिन्हांत "नोव्हा" हे नाव कोरलं गेलं. आपल्या मुलखातल्या एका गढीचं नाव असं इंग्रजी फौजेच्या बिरुदावलीत जाऊन बसलं, आणि आपल्या पोरांना नौसाजी नाईक कोण हे ठाऊक नाही. असो.

फौज उभी राहिली, पण दर महिन्याचा पगार? निजामाचा दिवाणी कारभार तेव्हा चंदुलाल पाहत होते आणि खजिना रिता होता. इथं एक सावकार पुढं आला. त्याचं नाव विल्यम पामर. याचे वडील जनरल पामर हे पुण्याच्या दरबारात इंग्रजांचे रेसिडेंट होते. नाना फडणीस गेले तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण गेलं, असं लिहून कळवणारे ते हेच. आई फैज बक्ष बेगम. असा हा अर्धा इंग्रज, अर्धा हिंदुस्थानी गृहस्थ आधी निजामाच्या सैन्यात होता, मग हैदराबादेत पेढी काढून बसला. हिंदी संस्थानिकांना इंग्रजांनी परवानगीशिवाय कर्ज देऊ नये, असा विलायतेच्या पार्लमेंटचा १७९७ चा कायदा होता. १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी पामर कंपनीला खास परवाना दिला. या पेढीतला एक भागीदार हेस्टिंग्ज ज्या मुलीचे पालक होते तिचा नवरा होता, एवढं सांगितलं की पुरे.

व्यवहार असा. वऱ्हाड आणि औरंगाबादकडच्या फौजेचा पगार पेढीनं रोख चुकता करायचा आणि त्या बदल्यात निजामानं महालांचा वसूल तोडून द्यायचा. व्याज शेकडा २५. शिपायाला पगार वेळेवर मिळे, रेसिडेंट खूश, पेढी खूश. वसूल करणारा तालुकदार मात्र कुणब्याच्या खळ्यावर उभा. १८२० मध्ये ६० लाखांचं आणखी एक कर्ज झालं. नवा रेसिडेंट चार्ल्स मेटकाफ यानं हिशेब उकलला, तेव्हा त्यातला बराच भाग जुन्याच कर्जाची नवी नोंद निघाली. बोभाटा झाला. १८२३ मध्ये कंपनी सरकारनं पामरचं देणं भागवायला निजामाला पैसे दिले. पण फुकट नव्हेत. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरसाल सात लाखांची पेशकश देत असे, ती एक कोटी सोळा लाख सहासष्ट हजार रुपयांच्या मोबदल्यात कायमची बंद झाली. १८२४ मध्ये पेढीही बुडाली. राहिली फक्त फौज आणि तिचा दरमहाचा पगार.

आता या फौजेनं मुलखाला काय दिलं ते पाहू. सरकारी उत्तर एका शब्दाचं: सुरक्षितता. या शब्दाचा कस लागला तो हिंगोलीतच.

फिलिप मेडोज टेलर हा तरुण अधिकारी निजामाच्या नोकरीत हिंगोलीला होता. १८३९ मध्ये त्यानं ठगांवरची कादंबरी लिहिली. तिनं तो विलायतेत प्रसिद्ध झाला. कादंबरी बाजूला ठेवा, तिची प्रस्तावना वाचा. तीत हिंगोली आहे. छावणीच्या बाजारात हरिसिंग नावाचा कापडाचा व्यापारी होता. प्रतिष्ठित माणूस. खुद्द टेलरनं त्याच्याशी देवघेव केलेली. एकदा या हरिसिंगानं जिल्ह्याचा कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे मुंबईहून कापड आणण्यासाठी परवाना मागितला. हिंगोलीजवळच्याच एका गावचा व्यापारी माल घेऊन निघाला आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं वाटेत त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना मारलं आणि सरकारी परवान्यावर तोच माल हिंगोलीत आणून छावणीत उघड विकला. पुढं पकडला गेल्यावर त्यानंच हे सांगितलं. नाहीतर कुणाला कधी कळलंच नसतं.

आणखी पुढं आहे. मुख्य पहाऱ्याच्या चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, ऐन बाजारात, या टोळीनं माणसं मारली आणि पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डांवर पुरली. माफीच्या साक्षीदारांनी जागा दाखवल्या. नदीला मिळणाऱ्या एका कोरड्या ओढ्याचं पात्र, शेजारून गावाकडं जाणारा रस्ता. एकेका खड्ड्यात अनेक प्रेतं. टेलर स्वतः उभा होता. शेवटी बघवेना म्हणून त्यांनी खोदणं थांबवलं. ती नदी म्हणजे आपली कयाधू.

ठगांच्या कहाण्यांवर अलीकडचे इतिहासकार शंका घेतात, आणि ती शंका रास्त आहे. माफीचा साक्षीदार स्वतःची मान वाचवण्यासाठी बोलतो. साहेबालाही "आम्ही आलो म्हणून तुम्ही वाचलात" असं सांगायचं असतं. कालीच्या नावानं चालणारा देशव्यापी पंथ वगैरे गोष्टींत मीठ-मसाला पुष्कळ आहे. पण हिंगोलीच्या ओढ्यातली हाडं कुणी जबानीतून निर्माण केली नव्हती. आणि मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते निराळंच. हरिसिंगाला लपायला रान लागलं नाही. त्याला छावणीच सोयीची होती. पगाराचा पैसा खेळता, बाजार मोठा, येणारा-जाणारा परमुलखाचा. कोण आला नि कोण परत गेला नाही, याची दाद कोण घेणार? आणि हाताशी साहेबाच्या सहीचा कागद. मारले गेलेले ते बैलवाले कोणत्या गावचे, त्यांच्या घरी कुणी वाट पाहिली, याची एक ओळ टेलरच्या प्रस्तावनेत नाही. हरिसिंगाचं नाव तेवढं उरलं.

या मेडोज टेलरचं लग्न झालं ते विल्यम पामरच्या मुलीशी. फौजेला उसनवारीवर पोसणाऱ्या सावकाराचा हा जावई.

पगाराची थकबाकी वाढत गेली आणि आता कंपनीच स्वतःच्या खजिन्यातून पैसे देऊन निजामाच्या नावे मांडू लागली. १८५० नंतर लॉर्ड डलहौसीनं तगादा लावला. शांततेच्या काळात अशी फौज पोसायचं बंधन १८०० च्या तहात नव्हतं, हे डलहौसीनं स्वतःच लिहून ठेवलं आहे. तरीही मे १८५३ मध्ये नवा तह झाला. फौज पाच हजार पायदळ, दोन हजार घोडेस्वार आणि चार तोफखाने इतकी कायम राहणार, आणि तिच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव-नळदुर्गचा भाग आणि रायचूरचा दुआब इंग्रजांच्या ताब्यात. नळदुर्गवर अधिकारी म्हणून कोण गेला? मेडोज टेलर. १८५७ मध्ये त्याला तिथून बुलढाण्याला पाठवलं. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मिळाला नाही.

१८५७-५८ मध्ये या कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोजबरोबर झाशी, काल्पी, ग्वाल्हेरपर्यंत लढल्या, राणीच्या आणि तात्या टोप्यांच्या विरुद्ध. पैसा आपला, शिपाईही पुष्कळसे अवधकडचे, पण आपलेच. हिंगोलीचा सार्वजनिक दसरा आज मराठवाड्यात प्रसिद्ध आहे, दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि त्यात रामलीला होते. मराठी मुलखात रामलीला रुजली, ती या उत्तरेकडच्या शिपायांमुळे, असा माझा तर्क आहे. पुरावा मागाल तर माझ्याकडे वस्तीच्या नावांखेरीज काही नाही.

१९०२ मध्ये कर्झननं निजामाशी करार केला. वऱ्हाड दरसाल २५ लाखांच्या खंडानं कायमचा इंग्रजांकडे गेला, आणि ज्या फौजेसाठी तो गेला ती फौज पुढच्याच वर्षी मोडून हिंदी सैन्यात मिसळून टाकली. १९०३ मध्ये हिंगोलीची छावणी उठली. फौज गेली, पेन्शनवाले राहिले. काही वर्षांपूर्वी पेन्शनपुऱ्यात एका म्हाताऱ्या चाचांना मी विचारलं, "चाचा, इथं पेन्शन कुणाला होतं?" ते हसले. म्हणाले, "गुरुजी, परदादा कू था. हमकू तो सिरफ नाम मिल्या."

छावणीच्या काळात हिंगोलीला रेल्वे नव्हती. घोडे, तोफा, पगाराच्या थैल्या, सगळं रस्त्यानं यायचं. पूर्णेहून रेल्वे आली १९१२ मध्ये, छावणी उठल्यावर नऊ वर्षांनी, आणि ती कापसाच्या गठड्या न्यायला लागली. आज हिंगोलीत राज्य राखीव पोलीस दलाचा बारावा गट आहे, त्यामुळे सकाळी कवायतीचा आवाज गावाला नवा नाही. रिसाला बाजारात आता घोडा दिसत नाही. तोफखान्याच्या पुढं नव्या कॉलन्या झाल्या आहेत. त्यांची नावं देवांची नि पुढाऱ्यांची. टेलरनं सांगितलेला ओढा नेमका कोणता, हे मी तिथल्या जुन्या माणसांना विचारत असतो. प्रत्येक जण वेगळा ओढा दाखवतो, आणि मी प्रत्येक ठिकाणी जाऊन येतो.