छप्पर परत आलं, पण...

सिनेगॉग म्हटलं की पुणेकरांना लाल देऊळ आठवतं. १८६७चं, विटांचं, अजून दिमाखात उभं. मला सांगायचंय ते ग्वोझ्जेत्सच्या सिनेगॉगबद्दल. ते अख्खं लाकडाचं होतं.

ग्वोझ्जेत्स (उच्चार जमेल हळूहळू!) हे आजच्या पश्चिम युक्रेनमधलं, कोलोमियाजवळचं छोटंसं गाव. सिनेगॉग बांधलं तेव्हा, म्हणजे सतराव्या शतकात, ते पोलंड-लिथुआनियात होतं. नंतर ऑस्ट्रियात गेलं, दोन महायुद्धांच्या मधे पुन्हा पोलंडमध्ये. गाव जागच्या जागी, सरहद्दीच फिरत राहिल्या.

आत डोक्यावर तंबूसारखा निमुळता होत जाणारा लाकडी घुमट. १७२९मध्ये दोन ज्यू चित्रकारांनी तो प्राणी, पक्षी, फुलं-वेली आणि राशिचक्राने भरून टाकला. आपली नावंही लिहून ठेवली. बाकी डॉक्युमेंटेशन शून्य. तुळया कशा जोडल्या, रंग कसे कालवले, सगळं कारागिरांच्या डोक्यात. (ओळखीचं वाटतंय ना?)

नशीब असं, की १९१० ते १९१३ या काळात आलोइस ब्रेयर नावाचा व्हिएन्नाचा वास्तुशास्त्राचा विद्यार्थी अशी लाकडी सिनेगॉग मोजत, फोटो काढत हिंडला. एका प्रोजेक्टसाठी! पुढे नाझींनी अशी सिनेगॉग एकामागून एक जाळली. ग्वोझ्जेत्सचंही काही उरलं नाही. गावातले ज्यू मारले गेले.

आता खरी गंमत. अमेरिकेतल्या हँड्सहाउस स्टुडिओच्या रिक आणि लॉरा ब्राऊन यांनी हे छप्पर पुन्हा बांधायचं ठरवलं. ब्रेयरचे फोटो कृष्णधवल. मग रंग कुठून आणणार? १८९०च्या दशकात इसिडोर काउफमान आणि कारोल माश्कोव्स्की यांनी आतली रंगीत चित्रं काढली होती, ती कामाला आली. २०११मध्ये पोलंडमधल्या सानोक इथे ओंडके कुऱ्हाडी-करवतींनी, हाताने तासले. यंत्राने कितीतरी लवकर झालं असतं. पण नकाशावरून तुळई कुठे बसते ते कळतं. ती कशी बसवली, हे तशीच एक बसवल्याशिवाय कळत नाही. हट्ट वाटेल, मला मात्र तो शंभर टक्के पटला. मग आठ गावांत, जुन्या सिनेगॉगमध्ये बसून फळ्या रंगवल्या. विद्यार्थी आणि स्वयंसेवक मिळून ३००हून जास्त हात लागले. रंगात सशाच्या कातड्याचा सरस, जुन्या पद्धतीनेच.

मूळच्या ८५ टक्के आकाराचं हे छप्पर आता वॉर्सातल्या पोलिन संग्रहालयात आहे. २०१४पासून लोक खाली उभं राहून माना वर करून बघतात. बॅकअपवरून सिस्टिम उभी राहिली म्हणायची, पण युजर कुठून आणणार? ज्या गावाने हे छत बांधून घेतलं, जिथे दर शनिवारी त्याखाली माणसं जमायची, तिथे ते परत गेलेलं नाही. आणि गेलं असतं, तरी त्याखाली बसायला कोणी नव्हतं.