कोण गेलं, कोण राहिलं

2000-01 च्या हिवाळ्यात आमच्या बँकेत व्हीआरएस आली. देशभरातल्या सरकारी बँकांमधून तेव्हा सुमारे लाखभर लोक बाहेर पडले. मी तालुक्याच्या एका शाखेचा मॅनेजर होतो. चहाच्या वेळी पैजा लागायच्या, की आता कामचुकार मंडळी जाणार आणि शाखा कशी हलकी होणार! प्रत्यक्षात गेले ते आमचे शेतीकर्जाचे अधिकारी. कोणत्या गावात कोणाची विहीर आटली, हे त्यांना तोंडपाठ होतं. कामचुकार मंडळी जागची हलली नाहीत. मीही राहिलो. त्यामुळे मी नक्की कोणत्या गटातला, हा प्रश्न आमची सौ. अजून अधूनमधून विचारते... असो.

हे आठवायचं कारण म्हणजे मोरोक्को. आता म्हणाल, कुठे आमचा तालुका आणि कुठे मोरोक्को! पण संबंध आहे. जन्मभर पीककर्ज वाटलं, त्यातून डीएपीच्या गोण्या शेतात गेल्या. त्या गोणीतला फॉस्फरस येतो कुठून, हे निवृत्तीनंतर शोधायला बसलो आणि थेट मोरोक्कोच्या खुरिब्गा गावी पोचलो. जगातले फॉस्फेटचे सर्वात मोठे साठे त्या देशात आहेत. 1997 मध्ये तिथल्या सरकारी फॉस्फेट कंपनीने आपल्या चंबळ फर्टिलायझर्सबरोबर फॉस्फोरिक आम्लाच्या संयुक्त कारखान्याचा करारही केला. वाचायला गेलो खताबद्दल आणि अडकलो तिथल्या साहेबलोकांच्या गोष्टीत.

1912 ते 1956 मोरोक्कोवर फ्रेंचांचा अंमल होता. सुलतान गादीवर, कारभार फ्रेंचांच्या हाती. ही फॉस्फेट कंपनी त्यांनीच 1920 मध्ये स्थापली. खाली खणणारे मोरोक्कन, वर सही करणारे फ्रेंच. स्वातंत्र्यानंतर त्या खुर्च्या भरायच्या होत्या. 1959 मध्ये रबातला मोहम्मदिया अभियांत्रिकी विद्यालय निघालं, त्याआधी शिकलेले बहुतेक फ्रान्सहून पदवी घेऊन आलेले. या वर्गाला तिथे 'काद्र' म्हणतात. आपला 'केडर' तो हाच शब्द. आपल्याकडे तो पक्षाच्या कार्यकर्त्यांना चिकटला, तिथे कचेरीतल्या साहेबाला. त्या पहिल्या पिढीला कामाचा हुरूप यावा म्हणून वेगळं काही करावं लागलं नसणार. देश नवा होता आणि आपल्या सहीने काहीतरी घडतंय, हे रोज दिसत होतं.

त्यांच्यातलेच एक अब्राहम सेर्फाती. 1926 मध्ये कासाब्लांकात ज्यू कुटुंबात जन्म, पॅरिसच्या खाण विद्यालयातून 1949 मध्ये पदवी. फ्रेंचांविरुद्धच्या चळवळीपायी त्यांना 1952 मध्ये देशाबाहेर काढलं होतं. स्वातंत्र्यानंतर परत आले आणि 1960 पासून फॉस्फेट कंपनीत संशोधन व विकासाचे प्रमुख झाले. म्हणजे आपल्या भाषेत बडे साहेब. 1968 मध्ये खुरिब्गाच्या खाणकामगारांनी संप केला. सेर्फातींनी त्यांची बाजू घेतली आणि त्यांची नोकरी गेली.

पुढे ते मोहम्मदिया विद्यालयात शिकवू लागले आणि डाव्या भूमिगत राजकारणात पडले. त्यापायी 1974 मध्ये अटक, 1977 मध्ये जन्मठेप. सतरा वर्षं तुरुंगात काढल्यावर 1991 मध्ये सुटका झाली, तीही 'हा माणूस मोरोक्कन नव्हेच' म्हणत देशाबाहेर काढून. नवीन राजा आल्यावर 1999 मध्ये ते परतले आणि 2010 मध्ये मराकेशला वारले. तुरुंग राजकारणामुळे मिळाला, हे खरं. पण 1968 च्या त्या नोकरीच्या पत्राजवळ मी थबकलो. आजूबाजूच्या टेबलांवर बसलेल्या बाकीच्या काद्रांनी त्या दिवशी काय धडा घेतला असेल?

आता 2005 कडे येऊ. सरकारी पगारांचा बोजा डोईजड झाला म्हणून मोरोक्को सरकारने स्वेच्छेने नोकरी सोडण्याची योजना काढली. सुमारे 38 हजार लोक गेले. त्यातले निम्म्याच्या आसपास वरच्या श्रेणीतले! विद्यापीठांतले प्राध्यापक गेले, सरकारी दवाखान्यांतले तज्ज्ञ डॉक्टर गेले. ज्यांच्याशिवाय अडेल असे लोकही त्यात होते, अशी टीका नंतर बराच काळ होत राहिली. वाचताना मला आमच्याच शाखेचा चहा आठवला.

पैशाचा हिशोब होताच, नाकारण्यात अर्थ नाही. वरच्या पगाराला मोठी रक्कम, आणि बाहेर नोकरी मिळेल ही खात्रीही त्यांनाच जास्त. त्या 38 हजारांच्या मनात काय होतं, हे मी इथे बसून सांगणं बरोबर नाही. एकाच्या मनातलं मात्र मला माहीत आहे.

निरोप समारंभानंतर आमचे शेतीकर्जवाले अधिकारी स्कूटरला किक मारता मारता थांबले. म्हणाले, "साहेब, पैशासाठी नाही चाललो. चार वर्षं झाली, मी गावात जाऊन, बघून शिफारस लिहितो. ती न वाचता परत येते. मग मी कशाला जायचं गावात?"

मी म्हणालो, "अहो, वरून तसंच आहे, काय करणार."

ते हसले आणि गेले. वरून तसंच होतं, हे खोटं नव्हतं. प्रादेशिक कार्यालयाचे आकडे पुरे करायचे होते. पण त्यांचे परत आलेले कागद मी कधी पुन्हा वर पाठवले नाहीत. काहींवर तर 'परत' लिहून केलेली सही माझीच होती.

सेर्फातींएवढी छाती प्रत्येकाला कुठून असणार? तुरुंगापर्यंत कोणी जायचीही गरज नव्हती. एका फायलीवर दोन ओळी लिहून ती पुन्हा वर पाठवली असती, तरी तो माणूस कदाचित राहिला असता. त्यांच्या जागी वर्षभर कोणी आलं नाही. त्या वर्षी पीककर्जाचे अर्ज मीच टेबलावर बसून मंजूर केले, एकही विहीर न बघता.