साधने, विदा आणि लोणारचे पाणी

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग लोकांच्या बोलण्यात पूर्वापार रूढ आहेत. मोताळा तालुका राजूर घाटाखाली, नळगंगेच्या काठचा; तर लोणारचे सरोवर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, घाटावर. मोताळ्याहून तेथे जाणाऱ्याला घाट चढून बुलढाणा, चिखली, मेहकर ही गावे मागे टाकावी लागतात. परंतु या सरोवराच्या पाण्यातील एखाद्या जिवाणूचा जनुकीय क्रम पाहावयाचा असेल, तर मोताळ्यातून कोठेही जाण्याचे कारण नाही. तो अमेरिका, युरोप व जपान येथील भांडारांत ठेवलेला आहे आणि कोणासही विनामूल्य पाहता येतो.

उदाहरण सेसेंबिया लोनारेन्सिस या जिवाणूचे घेऊ. 2012 मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. नावाचा उत्तरार्ध लोणारवरून, हे उघडच आहे. पूर्वार्ध मात्र हैदराबादच्या ‘सीसीएमबी’ या संशोधनसंस्थेच्या आद्याक्षरांचा उच्चार करून घडवला आहे. (लॅटिन व्याकरणाला असेही पाहुणे चालतात.) जिवाणूंच्या नामकरणाचा एक नियम येथे सांगावासा वाटतो. 2001 पासून नव्या जातीचे नाव ग्राह्य धरावयाचे असेल, तर तिचा जिवंत नमुना किमान दोन वेगवेगळ्या देशांतील सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. ‘मला सापडला’ एवढे म्हणून भागत नाही. दुसऱ्याला तो तपासता आला पाहिजे.

जनुकीय क्रमांच्या बाबतीत ही शिस्त त्याआधीच आली होती. 1965 मध्ये मार्गारेट डेहॉफ यांनी तोवर ज्ञात असलेले 65 प्रथिनांचे क्रम एकत्र करून छापील ग्रंथ काढला. पुढे क्रमांची संख्या इतकी वाढली की कागद अपुरा पडू लागला. 1982 मध्ये अमेरिकेत ‘जेनबँक’ सुरू झाली, त्याच सुमारास युरोपचे भांडार उभे राहिले, मागून जपानचे आले. आणि आज ही तिन्ही भांडारे आपापल्या नोंदी रोजच्या रोज एकमेकांना देतात. संशोधकांच्या औदार्यावर विसंबून हे घडले नाही. क्रम भांडारात जमा केल्याखेरीज लेख छापणार नाही, अशी अट नियतकालिकांनी घातली, तेव्हा भांडारे भरू लागली. 1996 मध्ये मानवी जनुकसंचाच्या प्रकल्पातील शास्त्रज्ञ बर्म्युडात जमले आणि नवा क्रम चोवीस तासांत खुला करावा, असे त्यांनी ठरवले. स्वतःचे निष्कर्ष निघण्यापूर्वीच कच्चा माल प्रतिस्पर्ध्याच्या हाती देणे, असा त्याचा अर्थ होतो.

अशा कच्च्या मालाला मराठीत काय म्हणावे? संगणकावर मराठी लिहिणाऱ्यांनी ‘विदा’ हा शब्द चालवला. तो सुटसुटीत आहे. आम्हांला मात्र विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा ‘साधने’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला. पानिपतापर्यंतच्या, म्हणजे 1750 ते 1761 या काळातील पत्रे त्यात आहेत. गावोगाव फिरून, जुन्या घराण्यांची दप्तरे धुंडाळून मिळवलेली ही पत्रे राजवाड्यांनी आपल्या कपाटात ठेवली नाहीत. ती छापून टाकली. त्यांच्या प्रस्तावनांतील अनेक मतांवर पुढे कठोर टीका झाली, काही मते आज कोणी स्वीकारीत नाही. पत्रे मात्र जागेवर आहेत. राजवाड्यांचे खंडन करू पाहणाऱ्यालाही राजवाड्यांनीच छापलेली पत्रे उघडावी लागतात. आम्हांला ही त्यांची सर्वांत मोठी कामगिरी वाटते.

लोणारच्या वयाचे असेच झाले. इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने 1823 मध्ये या जागेची दखल घेतली. त्यानंतर दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे विवर आहे, असा समज होता. 1973 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील लेखाने ते अशनीच्या आघाताने बेसाल्टमध्ये पडलेले विवर असल्याचे पुराव्यानिशी मांडले. वयाचा प्रश्न उरला. 1997 मध्ये तापदीप्ती पद्धतीने ते सुमारे 52,000 वर्षे ठरले. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन पद्धतीच्या मोजणीने ते 5,70,000 वर्षे सांगितले, अधिकउणे 47,000. दोन्ही आकड्यांत दहापटींहून अधिक अंतर! तरीही पुष्कळ लेखांत व पाठांत अजून ‘पन्नास हजार वर्षे’ हेच पाठ केल्यासारखे येते. निष्कर्ष तेवढा लोकांपर्यंत पोचला, मोजणी पोचली नाही, की असे होते. नुसता निष्कर्ष हाती असलेल्याला तो बदलल्याचे कळण्यास मार्गच नसतो.

भारतात शासकीय खर्चाने जमवलेली माहिती खुली करण्याचे राष्ट्रीय धोरण 2012 मध्ये आले, आणि जीवशास्त्रीय विदेचे राष्ट्रीय केंद्र 2022 मध्ये फरिदाबादला सुरू झाले. उशीर झाला खरा.

खुलेपणाची बाजू इतकी सरळ असती, तर हा लेख येथेच थांबवता आला असता. जैवविविधता कायदा 2002 चा. त्यानुसार परदेशी संशोधकाला वा कंपनीला लोणारच्या पाण्यातील जिवाणू न्यावयाचा असेल, तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते, आणि लाभ झाल्यास त्यातील वाटा द्यावा लागतो. पण क्रम भांडारात खुला असताना पाणी न्यावेच कशाला? क्रम वाचून उपयुक्त जनुक प्रयोगशाळेत घडवता येते. या पेचावर तोडगा म्हणून फेब्रुवारी 2025 मध्ये ‘काली निधी’ स्थापन झाला. क्रमांपासून नफा मिळवणाऱ्या कंपन्यांनी त्यात भर घालावी आणि किमान निम्मी रक्कम आदिवासी व स्थानिक समाजांना जावी, अशी योजना आहे; पण भर घालणे ऐच्छिक आहे. ऐच्छिक दानाने भांडारे भरली नव्हती, हे वर आलेच आहे.

याच कायद्याने गावोगावच्या समित्यांकडे ‘लोक जैवविविधता नोंदवही’ सोपवली. गावाच्या शिवारातील वनस्पती, प्राणी, वाण आणि त्यांविषयीचे लोकांचे ज्ञान तीत उतरवावयाचे असते. ती सर्वांना खुली करावी, की गावाच्या संमतीखेरीज कोणास दाखवू नये, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. राजवाड्यांना दप्तर दाखवण्यास कचरणाऱ्या घराण्यांची आपण आजवर थट्टाच करीत आलो. एकदा कागद घराबाहेर गेला की त्यावर आपला काय हक्क उरणार, हा त्यांचा प्रश्न मात्र लोणारच्या पाण्यापाशी पुन्हा विचारला जातो आहे.