बाप्तिस्म्यावरून जन्मसाल ठरवण्याची चूक

घराण्याची वंशावळ संगणकावर मांडणाऱ्यांमध्ये एक समज पक्का रुजला आहे. जन्माची नोंद मिळाली नाही आणि बाप्तिस्म्याची मिळाली, तर जन्माच्या रकान्यात बाप्तिस्म्याचेच साल घालायचे, त्याआधी ‘अंदाजे’ लिहायचे आणि पुढच्या माणसाकडे वळायचे. सॉफ्टवेअरही याला हातभार लावते. ‘ग्रॅम्प्स’सारखी मोफत मिळणारी प्रणाली जन्माची नोंद नसल्यास बाप्तिस्म्याची तारीख तिच्या जागी दाखवते. ती तिरप्या अक्षरांत दाखवते, एवढी सचोटी तिच्यात आहे. पण वंशावळ एकाकडून दुसऱ्याकडे गेली, कोणी ती हाताने उतरवून घेतली, की अक्षरांचा तिरपेपणा गळून पडतो आणि उरते ती जन्मतारीख. हा समज आपल्याकडच्या कागदांना लागू पडत नाही, आणि जिथे लागू पडतो असे मानतात तिथेही तो मानतात तेवढा खरा नाही, असे माझे ठाम मत आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. इंग्लंडच्या चर्चच्या 1662 च्या प्रार्थनाग्रंथात, मूल जन्मल्यानंतरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या रविवारापलीकडे बाप्तिस्मा लांबवू नये अशी सूचना आहे. गोव्यातल्या कॅथलिक कुटुंबांतही तान्ह्या मुलाला लवकर चर्चमध्ये नेण्याची रीत होती. अशा समाजात दोन तारखांमधले अंतर थोड्या दिवसांचे असणार, मग साल तरी कशाला चुकेल, असा हा युक्तिवाद आहे. शिवाय रकाना रिकामा सोडला तर माणसे कालक्रमाने लागत नाहीत आणि एकाच नावाच्या दोघांत फरक करता येत नाही, ही त्याची व्यावहारिक बाजू.

आता उत्तर. खुद्द इंग्लंडात हे अंतर सतराव्या शतकापासून अठराव्या शतकापर्यंत वाढत गेले, हे तिथल्या लोकसंख्येच्या अभ्यासकांनी नोंदवह्या तपासून दाखवले आहे. 1813 पासून तिथे जे छापील बाप्तिस्मा रजिस्टर आले, त्यात जन्मतारखेचा रकानाच नव्हता. म्हणजे ज्या देशावरून हा नियम बेतला, तिथेच तो काळजीपूर्वक वापरावा लागतो.

आपल्याकडे तर पायाच वेगळा आहे. इथल्या मिशनांच्या वहीत तान्ह्या मुलांच्या शेजारी धर्मांतर करून आलेली प्रौढ माणसे आहेत. ना. वा. टिळकांचा जन्म 1861 चा आणि बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 चा, तेहेतिसाव्या वर्षी. बाबा पदमनजींचा जन्म 1831 चा, बाप्तिस्मा 1854 चा. ही नामवंत माणसे असल्यामुळे त्यांचे जन्मसाल इतर मार्गांनी कळते. त्यांच्याच वहीत नाव असलेल्या मजुराचे किंवा शेतकऱ्याचे कळत नाही, आणि त्यालाच हा नियम लावला जातो. सर्वांत बोलका दाखला पंडिता रमाबाईंचा. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झाला. आई पंचवीस वर्षांची, मुलगी अडीच वर्षांचीही पुरती नव्हती. ‘अंदाजे’वाला नियम लावला की आई आणि लेक एकाच वर्षी जन्मल्या असे निघते. एकाच दिवशी, एकाच ठिकाणी झालेल्या दोन विधींवरून जो नियम मायलेकींना समवयस्क ठरवतो, त्याला अंदाज म्हणणेही चूक आहे.

आता उदाहरणादाखल एका गावाचा, माजरीचा, विचार करू. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातले हे कोळशाचे गाव वर्धा–बल्लारशाह मार्गावरचे जंक्शनही आहे, आणि कॉलरी व रेल्वे या दोन कामांसाठी इथे दूरदूरच्या मुलखांतली माणसे आली. इथल्या एखाद्या तेलुगू ख्रिस्ती कुटुंबाने वंशावळ करायला घेतली, तर खापरपणजोबांचा कागद तेलुगू मुलखातल्या चर्चमध्ये शोधावा लागेल. तिथे ओंगोलजवळ 3 जुलै 1878 रोजी, मोठ्या दुष्काळानंतर, अमेरिकन बॅप्टिस्ट मिशनने एका दिवसात 2,222 जणांना बाप्तिस्मा दिला. बॅप्टिस्ट पंथ तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा देतच नाही. विश्वास स्वतःच्या तोंडाने सांगू शकेल अशालाच देतो. त्या यादीतल्या प्रत्येकापुढे ‘जन्म अंदाजे 1878’ लिहिले, तर त्यातले एकही साल बरोबर ठरणार नाही. नोंद कोणत्या पंथाची आहे हे न पाहता काढलेले साल म्हणूनच कुचकामी असते.

दुष्काळातल्या अनाथ मुलांचे तर आणखी अवघड. 1897 मध्ये रमाबाईंनी मध्य प्रांतातून मुली उचलून आणल्या. माजरी ज्यात येते तो चांदा (आजचा चंद्रपूर) जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. अशा मुलांचे वय पाहणाऱ्याने चेहऱ्यावरून आणि दातांवरून ठरवलेले असायचे. वहीतले ‘वय 8’ हे उपाशी शरीराकडे पाहून केलेले अनुमान आहे. बाप्तिस्म्याच्या तारखेतून ते वजा करून निघालेले साल कितीही नेमके दिसले, तरी मूळ अनुमानापेक्षा अधिक खरे होत नाही.

माजरीच्या लोकांना वयाच्या कागदांचे हे दुखणे वेगळ्या वाटेने ठाऊक आहे. खाणीत कामगाराचे वय ‘फॉर्म बी’ रजिस्टरात लिहितात आणि साठाव्या वर्षीची निवृत्ती त्यावर ठरते. भरतीच्या वेळी तोंडी सांगितलेले वय आणि शाळेच्या दाखल्यातले वय जुळेना, म्हणून कोळसा उद्योगाच्या वेतन समितीला 1988 मध्ये वयनिश्चितीसाठी 76 क्रमांकाची सूचना काढावी लागली. वैद्यकीय तपासणीनेही प्रश्न पुरता सुटत नाही. क्ष-किरणाने काढलेल्या वयात दोन्ही बाजूंना दोन वर्षांची चूक संभवते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच मान्य केले. सरकारी नोकरीत केवळ जन्मसाल माहीत असेल तर 1 जुलै ही तारीख धरतात. कार्यालयाला हे करावेच लागते, कारण निवृत्तीचा आदेश कोणत्या तरी एका दिवशी निघायला हवा. वंशावळकारावर अशी सक्ती नाही. कार्यालयाची सोय त्याने इतिहासात आणण्याचे काहीच कारण नाही.

मग करायचे काय? बाप्तिस्म्याची तारीख एकच गोष्ट निश्चित सांगते: माणूस त्या दिवशी किंवा त्याआधी जन्मला होता. वंशावळीच्या फायलींसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘जेडकॉम’ मानकात ‘पूर्वी’, ‘अंदाजे’, ‘गणिताने काढलेली’ आणि ‘दुसऱ्या घटनेवरून अनुमानलेली’ या चारही प्रकारच्या तारखांना वेगवेगळ्या खुणा आहेत. प्रौढाच्या आणि बालकाच्या विधीसाठीही वेगळ्या नोंदी आहेत. म्हणजे साधन अपुरे आहे ही सबब चालत नाही. ‘पूर्वी’ लिहिले की कालक्रमही लागतो आणि असत्यही शिरत नाही. खालची मर्यादा आईवडिलांच्या लग्नावरून, भावंडांच्या नोंदींवरून शोधावी, आणि मिळाली तर ‘या दोन सालांच्या दरम्यान’ असे लिहावे.

मूळ पान वाचल्यावाचून तर काहीच लिहू नये. ब्रिटिश काळातल्या हिंदुस्थानच्या छापील बाप्तिस्मा विवरणांत सांगितलेल्या जन्मतारखेचा स्वतंत्र रकाना असे. सूचीवरून काम करणाऱ्यांना तो दिसतच नाही. आईवडिलांची नावे असतील तर बहुधा बालक, पूर्वीचे नाव आणि धंदा लिहिला असेल तर प्रौढ. कुटुंब चांदा जिल्ह्यातलेच असेल तर कोतवाल बुकाची नक्कल मागावी. कोतवाल गावातले जन्म-मृत्यू नोंदवून पोलीस ठाण्याला कळवत असे. त्यात मुलाचे नाव बहुधा नसते, बापाचे असते. पण बाप्तिस्म्याच्या पानावरचे बापाचे नाव तिथल्या नोंदीशी जुळले, तर खरी तारीख हाती येऊ शकते.

ज्यांच्या वंशावळीत असे ‘अंदाजे’ आधीच शिरले आहेत, त्यांनी ते एकेक करून काढावेत, बाप्तिस्म्याची तारीख बाप्तिस्म्याच्याच रकान्यात ठेवावी आणि पानाचा फोटो तिला जोडावा. ‘पूर्वी’ लिहिण्याइतकाही पुरावा नसेल तिथे जन्माचा रकाना रिकामा राहू द्यावा.