फितरत की तरबियत?

‘खाण तशी माती’ अशी मराठीत एक म्हण आहे. दुसरी म्हणते, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ माणूस जन्मतःच घडून येतो की सहवासाने घडतो, हा वाद या दोन म्हणींत आहे. उर्दूत आपण फितरत आणि तरबियत म्हणतो. मानसशास्त्रात हा वाद दीडशे वर्षे चालू आहे. आपण शिक्षकांनी आणि पालकांनी त्याचा इतिहास जाणून घ्यायला हवा, कारण त्याची किंमत मुलांनीही मोजली आहे.

इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टनने १८६९ मध्ये नामवंत घराण्यांचा अभ्यास करून कर्तबगारी रक्तातून येते, असे मांडले. मोठ्या घरातल्या मुलांना पैसा, शिक्षण आणि ओळखी आयत्या मिळतात, याला त्याने फारसे महत्त्व दिले नाही.

फ्रान्समध्ये १८८२ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले. सर्व थरांतली मुले वर्गात आली, काही मागे पडू लागली. अशा मुलांना ओळखून मदत करता यावी, म्हणून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमों यांनी १९०५ मध्ये बुद्धिचाचणी तयार केली. बुद्धी वाढूच शकत नाही, हे मत बिनेला मान्य नव्हते. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने लक्ष आणि स्मरणशक्तीचे व्यायाम सुचवले. १९११ मध्ये तो वारला.

पुढे ही चाचणी अमेरिकेत गेली आणि तिचा हेतूच बदलला. हेन्री गोडार्ड आणि लुईस टर्मन यांच्या मते बुद्धी मुख्यतः वारशाने मिळते. पहिल्या महायुद्धात सुमारे १७ लाख सैनिकांच्या चाचण्या झाल्या. काही प्रश्न अमेरिकन बाजारातल्या वस्तूंविषयी होते. नुकतेच परदेशातून आलेले लोक त्यात मागे पडले, जास्त वर्षे राहिलेल्यांना जास्त गुण मिळाले. तरीही कार्ल ब्रिगमने १९२३ मध्ये काही वंशच बुद्धीने कमी आहेत, असे लिहिले. १९३० मध्ये त्याने स्वतःच तो निष्कर्ष मागे घेतला.

दरम्यान १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मतिमंद’ ठरवलेल्यांच्या सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली होती. खटला कॅरी बक या तरुणीचा होता. शाळेत ती दरवर्षी वरच्या वर्गात गेली होती. जिच्या जन्मावरून तिच्या रक्ताला दोष दिला, ती तिची मुलगीही पुढे शाळेत हुशार मुलांच्या यादीत आली. पण कॅरीची नसबंदी होऊन गेली होती.

आज बहुतेक मानसशास्त्रज्ञ फितरत आणि तरबियत दोन्ही मानतात. दोन्ही एकमेकांत गुंतून काम करतात. इब्न खल्दूनने १३७७ मध्ये लिहिलेल्या ‘मुकद्दिमा’त माणसाच्या घडणीत सवयीला मोठे स्थान दिले आहे. विद्यार्थ्यांशी फार कठोर वागल्याने त्यांचे नुकसान होते, हेही त्यात आहे.

आता आपल्या वर्गाकडे पाहू. घरी दखनी बोलणारे मूल मराठी प्रश्नपत्रिकेत अडखळले, तर आपण काय मोजले? त्याची बुद्धी, की त्याची मराठी? ‘हा ढच आहे’ असे म्हणण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारावा. बिनेने चाचणी केली होती ती कुणाला मदत हवी आहे हे कळावे म्हणून. आपणही उत्तरपत्रिका त्यासाठीच तपासावी.